दूध फाटू नये म्हणून

लसूण आणि दूध एकत्र उकळलं की कसला वास येतो हे ज्यांना माहीत नाही, ते सुखी लोक. मी तो आणि तसले वास अकरा वर्षं सोसले. जळगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक बोर्डावर नोकरीला लागले आणि माझी खुर्ची सिंधूअक्कांच्या शेजारी आली. त्या एका खुर्चीपायी माझ्या पोटानं जे भोगलं, ते वैऱ्याच्या पोटालाही न मिळो.

अक्का तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या. ठेंगण्या, गोल, कपाळावर मोठं कुंकू, हेडफोनच्या पट्टीखाली अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. माहेर शिरपूरकडचं, म्हणून आमच्याशी अहिराणी. साहेबांशी पुस्तकातलं मराठी. आणि लाइनीवर अशी गोड हिंदी, की पलीकडच्या माणसाला वाटावं ही बाई तुपात तळलेली आहे. त्या तुपाचा एक थेंबही त्यांच्या डब्यात कधी सापडला नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा परगावी फोन करायचा म्हणजे आधी एक्सचेंजला नंबर नोंदवायचा आणि घरी वाट बघत बसायचं. आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला लाइनीवर गाठायचो. ती तिकडचा नंबर लावायची, आम्ही इकडचा. ऑपरेटरनं आपलं नाव सांगायचं नाही, असा नियम होता. म्हणून आम्ही एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारायचो. ‘सुरत, जरा हात चालव.’ ‘नागपूर, आज घसा बसला का गं?’ चाळीसगाव नावाची एक मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा आम्ही सगळ्या हळहळलो. तिचं तोंड आमच्यापैकी एकीनंही पाहिलेलं नव्हतं.

पलीकडचा नंबर लागेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं मोकळी मिळायची. तेवढ्यात आम्ही जांभया द्यायचो. अक्का पाककृती गोळा करायच्या. आज काय केलं, कसं केलं, फोडणीत काय टाकलं, असं सारा देश त्या विचारत सुटायच्या, आणि कॉल नोंदवायच्या चिठ्ठ्यांच्या, म्हणजे वाया गेलेल्या तिकिटांच्या पाठीवर पेन्सिलीनं उतरवून घ्यायच्या. मद्रासची कच्च्या केळ्यांची भाजी, सुरतेचा हांडवा, मुंबईच्या कुणा बाईनं केलेलं चीज घातलेलं काहीतरी. दुसरी असती तर तिनं ते जसंच्या तसं केलं असतं. पण लाइनीचा भरवसा नव्हता. निम्मी कृती होईतो नंबर लागायचा, नाहीतर लाइनच मरायची. मग अक्का खुशीत तिकीट कनवटीला लावायच्या आणि म्हणायच्या, “ऱ्हाऊ दे वं. अर्धं तिनं, अर्धं मनं.”

अर्धं तिचं, अर्धं माझं. सगळा घात त्या दुसऱ्या अर्ध्यात होता.

घरात लोणी नसेल तर शेंगदाण्याचं तेल. नारळ नसेल तर तीळ. चीज म्हणजे काय हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अक्कांनी विचार करून ठरवलं, की ते उडदाचं पीठ असणार. आणि कृती कुठलीही असो, शेवटी मूठभर लसूण, काळा मसाला आणि चिंचेचा कोळ पडायचाच. मद्रासच्या भाजीच्या वेळी घरात कच्ची केळी नव्हती, पिकून काळी पडलेली होती. ती त्यांनी शेवभाजीत टाकली. शेव विरघळली, केळं विरघळलं नाही. ते घशात उतरताना मधेच थांबलं आणि पुढे जावं की मागे यावं, याचा विचार करत बसलं. ती आठवण लिहितानासुद्धा माझी जीभ मागे सरते.

नको म्हणायची सोय नव्हती. आमचे दोन्ही हात दोऱ्यांत आणि प्लगांत गुंतलेले, कानावर हेडफोन, तोंडानं कापसाच्या व्यापाऱ्याला “चालू आहे, बोला” म्हणायचं. अक्का नेमकं तेव्हाच डबा उघडायच्या. “तोंड उघड वं माय,” म्हणायच्या आणि घास सरळ तोंडात. लाइनीवर गिऱ्हाईक असताना थुंकणार कुठे? मी पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीनं येणारी, पोटात चहाशिवाय काही नसायचं. एकदा मी तोंडात घास घेऊन “हॅलो धुळे” म्हटलं, तर धुळ्याची ऑपरेटर म्हणाली, “आज अक्कांनी काय केलंय गं?”

त्यांचे यजमान, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, केळीच्या वखारीत कामाला होते. मी एकदा त्यांना विचारलं, “भाऊ, तुम्ही हे रोज कसं खाता?”

“कांदासंगे,” भाऊ म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

आता इंदूर. अक्कांच्या सगळ्या गावांत इंदूर हे त्यांचं खास गाव. दुपारी बाराच्या सुमारास त्या लाइनीवर एक बाई यायची. आवाज जरा घोगरा, हसू मोठं. “जलगाँव, कैसी हो?” असं तिनं म्हटलं की अक्का खुर्चीत सरळ होऊन बसायच्या आणि पदर सारखा करायच्या. फोनवर काय पदर दिसतो का? मला चीड यायची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. भुसावळच्या पुढे अक्का कधी गेल्या नव्हत्या. पण इंदूरच्या सुनेला दिवस गेले हे तिच्या घरच्यांच्या आधी अक्कांना कळलं असेल.

अक्कांची आई वारली. तेरावं आटोपून त्या कामावर आल्या, त्या दिवशी बारा वाजता इंदूर लाइनीवर आलं. कुणीतरी तिला सांगितलं असावं. तिनं कशी आहेस विचारलं नाही, काही नाही. लाइन नुसती उघडी ठेवली. दोघी काही बोलत नव्हत्या. अक्का हेडफोन हातानं कानाशी दाबून बसल्या होत्या आणि त्यांची हनुवटी हलत होती. इंदूरचे कॉल खोळंबले होते, लोक माझ्यावर ओरडत होते, आणि मी मनात म्हणत होते की या बायांना लाज कशी वाटत नाही. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आपल्यालाच तेवढी कामाची कदर आहे, असं वाटायचं वय.

त्यानंतर काही महिन्यांनी इंदूरनं मक्याचा कीस सांगायला घेतला. तिच्या आईच्या हातचा. अक्कांनी नवं तिकीट काढलं. मी शेजारीच होते, माझ्या कानावर निम्मं येत होतं, बाकीचं अक्का मोठ्यानं घोकत होत्या. कोवळी कणसं किसायची, तुपात परतायची, मग दूध. “और देखो जलगाँव,” इंदूर म्हणाली, “दूध फटे नहीं, इसलिए मेरी माँ उसमें एक चीज़ डालती थी...”

लाइन मेली. वाटेत कुठंतरी तार तुटली होती. ती जोडायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी बारा वाजता अक्कांनी पदर सारखा केला आणि इंदूर लावलं, तर पलीकडे दुसरीच बाई.

“वो कहाँ गई?” अक्कांनी विचारलं.

“कौन?”

 अक्कांना तिचं नाव माहीत नव्हतं. “वो... हँसती थी बहुत.”

“यहाँ सब हँसती हैं,” ती बाई म्हणाली.

तिची पाळी बदलली असेल, रात्रीची लागली असेल, दुसऱ्या खात्यात टाकली असेल, काही कळेना. अक्का रोज बाराला विचारायच्या. तिकडच्या बाया आधी हसायच्या, पुढे वैतागायला लागल्या. अक्कांना दोन गोष्टी हव्या होत्या, ती बाई आणि ती एक वस्तू. बाई हाताशी नव्हती, म्हणून त्या वस्तूच्या मागे लागल्या.

ते दीड वर्ष मी विसरणार नाही. आठवड्याला एक कीस. कोवळी कणसं पावसाळ्यात मिळतात, बाकीचे महिने अक्का गुरांना घालतात तो वाळका मका भिजवून वाटायच्या. त्यात दूध, आणि दूध फाटू नये म्हणून दर खेपेला नवी वस्तू. खायचा सोडा. बेसन. मेथ्यांची पूड. एकदा पानाचा चुना. एकदा साबुदाणा, आणि तो डब्यात माशाच्या डोळ्यांसारखा माझ्याकडे बघत होता. आणि वर तो लसूण, तो काळा मसाला, ती चिंच. डबा उघडला की राखाडी पाणी एकीकडे, दह्यासारख्या गुठळ्या दुसरीकडे, वर तेलाची काळी तर्री, आणि मधे मक्याची करकरीत भुकटी. वास सांगितलाच आहे.

“आजबी फाटनं वं माय,” अक्का दर वेळी डब्यात बघून म्हणायच्या. “ती काय टाकत व्हई?”

एकदा मी कळवळून म्हटलं, “अक्का, अहो चिंचेनं फाटतंय ते. चिंच घालू नका.”

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “चिंचबिगर चव कशी येई वं? तोंड उघड.”

मी तोंड उघडलं. तेव्हा मला अक्कांचीच किळस यायला लागली होती. त्यांच्या हाताच्या लसणीच्या वासाची, बोटांना चिकटलेल्या पिवळ्या पिठाची, तोंडात घास घालून माझ्या चेहऱ्याकडे आशेनं बघण्याची. ही बाई समोरच्या माणसाचा चेहरा बघते आणि तिला त्यावर काहीच दिसत नाही, असं मला वाटायचं.

त्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकाच्या नशिराबादच्या शेतात भरीत पार्टी ठरली. भरीत पार्टी म्हणजे काय ते खानदेशाबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. वर्षभर माणूस तिच्यावर डोळा ठेवून असतो. शेतातलीच हिरवी-पांढरी वांगी, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, वर हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. मी सकाळपासून उपाशी राहिले होते. मुद्दाम.

अक्का कीस घेऊन आल्या. मोठं पातेलं भरून. झाकण काढलं, आणि अर्थात दूध फाटलेलं. आम्ही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. अक्कांनी पातेल्यात पळी फिरवून पाहिली. मग “वाया कशाले जाऊ देवानं,” म्हणाल्या, आणि आम्ही उठेपर्यंत त्यांनी ते सगळं पातेलं भरताच्या बडगीत पालथं केलं.

 वीस माणसं त्या बडगीकडे बघत उभी होती. ज्याचं शेत होतं त्याची म्हातारी आई तर “अरे राम” म्हणून खालीच बसली. अक्कांनी ते पळीनं नीट कालवलं आणि पहिला घास, अर्थातच, माझ्या तोंडात. धूर लागलेलं वांगं आणि फाटलेलं दूध. मी तुरीच्या मागे धावले आणि पोटात नव्हतं तेसुद्धा ओकून टाकलं. अक्का मागून आल्या, माझी पाठ चोळत राहिल्या आणि म्हणाल्या, “पित्त व्हयनं तुले. उपाशी ऱ्हास ना, म्हनून.”

पाठीवरच्या त्या हाताला लसणीचा वास होता. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

हे रविवारी झालं. सोमवारी बारा वाजता अक्का मागच्या नळावर डबा विसळायला गेल्या होत्या. माझ्या खुर्चीपासून दहा पावलं. इंदूरचा दिवा लागला. मी प्लग घातला.

“जलगाँव?” आवाज घोगरा होता. मी लगेच ओळखला. “वो हैं क्या, बड़ी वाली? डेढ़ साल रात की ड्यूटी में निकल गया। आज मेरा आख़िरी दिन है बोर्ड पर। कल से घर। उनको बस दो बातें बतानी हैं। एक तो मेरा पता लिख लो, और दूसरा, वो भुट्टे में...”

मी प्लग उपटला.

विचार केला नाही. हात आपोआप गेला, ताटात माशी पडली की जातो तसा. मला एवढंच दिसलं होतं, की आता ती वस्तू कळणार, मग कीस जमणार, आणि जमलेला कीस मला जन्मभर रोज खावा लागणार. दिवा पुन्हा लागला. मी बघत राहिले. तो लुकलुकत होता आणि नळाचं पाणी डब्यात वाजत होतं. मग मी ती लाइन एका व्यापाऱ्याला जोडून दिली, लाइन अडकली आणि दिवा लुकलुकायचा थांबला.

अक्का पदराला हात पुसत आल्या. “कोन व्हतं?”

“कॉल होता,” मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त घाणेरडं होतं.

पुढे डायरेक्ट फोन लागायला लागले. लोक आपापल्या घरून नंबर फिरवायला लागले, बोर्डावरच्या लाइनी एकेक करून बंद झाल्या आणि आम्हाला बिलांच्या टेबलांवर बसवलं. इंदूरची लाइन बंद व्हायच्या दिवशी अक्का मुद्दाम तिथं बसल्या. पलीकडच्या कोवळ्या आवाजाच्या मुलीला म्हणाल्या, “उनको बोलना, जलगाँव याद करती है।”

“किनको, आंटी?”

अक्कांनी प्लग काढला, दोरी नीट गुंडाळली आणि खणात ठेवली. त्या दिवसानंतर त्यांनी ऑफिसात मक्याचा कीस आणला नाही. बाकीचं सगळं आणत राहिल्या, पण तो नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. डबा उघडला की मी आधी आत बघायचे, कीस आहे का म्हणून, आणि नसला की मला माझीच शिसारी यायची. अक्कांच्या हातच्या कुठल्याही पदार्थाची मला तशी शिसारी कधी आली नव्हती.

अक्का निवृत्त झाल्या, भाऊ गेले, आणि मुलानं त्यांना धुळ्याला, देवपुरात आपल्या घरी नेलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी धुळ्याला भाचीच्या लग्नाला गेले होते, तेव्हा पत्ता शोधत गेले. दुपारची वेळ. अक्का वाळल्या होत्या, कुंकू नव्हतं, पण अंबाड्यात पेन्सिल होती. सवयीनं खोचलेली. मला बघून “मंदे!” म्हणून ओरडल्या आणि आधी स्वयंपाकघरात धावल्या. भांड्यांचा आवाज आला, आणि त्यामागून तो वास. दूध आणि लसूण.

बाहेर आल्या त्या स्टीलचा डबा घेऊनच. “तू येशी असं सपनातबी नव्हतं. मक्याचा कीस शे. सून खात नही, पोऱ्या खात नही. मी एकलीच करस नि एकलीच खास. तू घरी ली जाय.” डबा माझ्या हातात ठेवला आणि झाकण उघडून दाखवलं. फाटलेलंच होतं.

कोपऱ्यात टेबलावर फोन होता, त्यावर विणलेला रुमाल. अक्कांनी माझी नजर पाहिली. “दख ना,” म्हणाल्या, “आते घर बशीसन इंदूर लागस. पन कोनले लावू?” आणि हसल्या. “तिले मी याद नसेल ऱ्हायनी. नहीतर एकदा तरी बोलती ना वं.”

तिथं मी गप्प बसू शकले असते. पण डबा माझ्या हातात होता, कोमट, आणि इंदूर त्यांना विसरली असं त्या दहा वर्षं धरून बसल्या होत्या. मी सांगितलं. सोमवार, दुपारचे बारा, त्या नळावर, इंदूरचा दिवा, तिचा शेवटचा दिवस. पत्ता द्यायचा म्हणत होती. मी प्लग उपटला. पुन्हा दिवा लागला, तर मी दुसऱ्याला लाइन दिली.

अक्का ऐकत होत्या. बराच वेळ त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. या बाईला चेहऱ्यावरचं काही दिसत नाही असं मी समजत होते. त्या दिवशी त्यांना सगळं दिसलं.

“काय टाकानं म्हने ती?” त्यांनी हळू विचारलं.

“माहीत नाही, अक्का. मी बोलूच दिलं नाही.”

त्यांनी मान हलवली. “म्हंजे ती इसरनी नव्हती,” असं माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाल्या. मग हात पुढे केला, माझ्या हातातून डबा काढून घेतला, झाकण दाबून बसवलं आणि आत निघून गेल्या.  आतून ताटाचा आवाज आला, पाट सरकल्याचा आला. त्या एकट्या जेवायला बसल्या असाव्यात. मी चपला घातल्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सिंधूअक्कांनी मला न खाता जाऊ दिलं.